मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांचं काम बघायला पहिल्यांदा जाताय? मग नजर मेंढ्यांवर ठेवा

फार्मवर शीपडॉग बघायला गेलेली बहुतेक मंडळी पूर्णवेळ कुत्र्याकडेच बघत बसतात, आणि त्यांचा दोष नाही म्हणा, काळंपांढरं चपळ जनावर गवताला पोट घासत सुसाट निघालं की नजर त्याच्यावरच जाणार. पण पाच मिनिटांनी कंटाळा येतो, कारण कुत्रा पळतो, बसतो, परत पळतो एवढंच दिसत राहतं, आणि शेजारी उभा असलेला जाणकार मधेच "वा!" म्हणतो तेव्हा आपल्याला कळतच नाही की वा कशाला. हा लेख त्या "वा" साठी आहे. कुत्रा चांगला की सुमार हे मेंढ्या सांगतात, त्यामुळे बघायचं मेंढ्यांकडे आणि कुत्रा डोळ्याच्या कोपऱ्यात ठेवायचा. एवढं जमलं तरी अर्धं काम झालं, बाकीचं खाली क्रमाने लिहिलंय.

स्टेप १: नक्की काय बघायचंय ते ठरवा

बघायचे साधारण तीन प्रकार आहेत. एक डेमो, फार्मवाले पाहुण्यांसाठी करून दाखवतात तो, मेंढ्या मोजक्या, मैदान छोटं, शिवाय समजावून सांगणारा माणूस समोर. दुसरं म्हणजे रोजचं खरं काम, लोकर कातरायला किंवा जंताचं औषध पाजायला कळप खाली आणणं वगैरे. याला ओळख लागते, आणि डोंगराळ भाग असेल तर अर्धा अर्धा तास नुसते पांढरे ठिपके हलताना दिसतात, पण आवड असेल तर याच्या तोडीचं काही नाही. तिसरी ट्रायल, म्हणजे स्पर्धा. ब्रिटनमधली नोंद असलेली पहिली ट्रायल वेल्समधल्या बाला इथे १८७३ साली झाली आणि गंमत म्हणजे वेल्सच्या मैदानात बाजी मारली ती एका स्कॉटिश माणसाच्या ट्वीड नावाच्या कुत्र्याने. पुढे १९०६ मध्ये इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी निघाली, आज कुत्र्यांच्या वंशावळीची नोंद आणि मोठ्या स्पर्धा तीच बघते.

माझं मत विचाराल तर आधी एक डेमो बघा आणि मग ट्रायलला जा. उलटं केलंत तर ट्रायल डोक्यावरून जाईल.

कोणतं कुत्रं बघायला मिळणार तेही आधी विचारून घ्या, कारण प्रत्येकाची कामाची तऱ्हा वेगळी. बॉर्डर कॉली न भुंकता, नजरेच्या धाकाने काम करते. आजच्या जवळजवळ सगळ्या कॉलींच्या वंशावळीत कुठेतरी १८९३ साली इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँडमध्ये जन्मलेला ओल्ड हेम्प सापडतो, ॲडम टेल्फरचा कुत्रा, आणि ही शांतपणे, दबा धरून काम करायची शैली त्याच्यामुळेच रुजली असं मानतात. न्यूझीलंडचा हंटअवे याच्या अगदी उलट, तो भुंकूनच कळप पुढे ढकलतो आणि तेच त्याचं काम, त्यामुळे "किती भुंकतोय हा" म्हणून नाक मुरडू नका. ऑस्ट्रेलियाची केल्पी मेंढ्या दाटीवाटीने भरलेल्या वाड्यात चक्क त्यांच्या पाठीवरून चालत पलीकडे जाते. आणि मेंढ्यांमध्ये एखादं मोठं पांढरं केसाळ कुत्रं निवांत लोळताना दिसलं, मारेम्मा नाहीतर ग्रेट पिरेनीज, तर ते वळणारं नाही, राखणीचं कुत्रं आहे. त्याला लाडाने हाक मारत कळपात शिरू नका, तुम्ही त्याच्या लेखी चोर आहात.

स्टेप २: जायच्या आधीची तयारी

बूट असे घाला की चिखल आणि लेंड्यांची फिकीर नको, आणि आदल्या दिवशी दुसऱ्या एखाद्या फार्मवर जाऊन आला असाल तर ते बूट धुऊन पुसूनच या, जनावरांचे रोग बुटांच्या तळव्यांनी प्रवास करतात. मैदान उघडं असतं, वारा असतो, त्यामुळे वाटतं त्यापेक्षा एक कपडा जास्त. दुर्बीण असेल तर न्याच, मोठ्या ट्रायलमध्ये मेंढ्या ४०० यार्डांवर, म्हणजे साधारण ३६५ मीटरवर सोडतात आणि तिथे जे घडतं तेच सगळ्यात महत्त्वाचं असतं. मोबाईलचा झूम तिथे काही कामाचा नाही.

घरचा कुत्रा घरीच ठेवा. "आमचा खूप शांत आहे हो" हे वाक्य प्रत्येक मेंढपाळाने हजारदा ऐकलेलं असतं आणि नंतर काय होतं तेही पाहिलेलं असतं. पाठलागाने गाभण मेंढीचा गर्भ पडू शकतो, आणि ब्रिटनमध्ये तर मेंढ्यांच्या मागे लागलेल्या कुत्र्याला, दुसरा उपाय नसेल तर, गोळी घालणारा शेतकरी कायद्याने सुटू शकतो.

आणखी एक, हे गांभीर्याने घ्या. घरात कोणी गरोदर असेल तर तिने मेंढ्या वीत असतानाच्या दिवसात फार्मवर जाऊ नये, नुकतंच जन्मलेलं कोकरू तर अजिबात हातात घेऊ नये. विणाऱ्या मेंढ्यांकडून टॉक्सोप्लाझ्मोसिस, लिस्टेरियोसिस असे संसर्ग होऊ शकतात आणि ते पोटातल्या बाळाला धोक्याचे असतात. बाकीच्यांनीही हात साबणाने नीट धुवावेत.

स्टेप ३: उभं कुठे राहायचं

शक्य असेल तर हँडलरच्या, म्हणजे कुत्र्याला हुकूम देणाऱ्या माणसाच्या मागे, थोडं बाजूला आणि थोडं उंचावर. तिथून मेंढ्या, कुत्रा आणि माणूस हा त्रिकोण पूर्ण दिसतो. आडव्या बाजूने बघितलं तर फोटो झकास येतात पण अंतरं कळत नाहीत, आणि सगळा मामला अंतराचाच आहे.

मेंढ्या ज्या फाटकातून आत आल्या आणि जिथून बाहेर जाणार त्याच्या आसपास गर्दी करू नका. कुंपणाला टेकून दहा-वीस माणसं उभी राहिली की मेंढ्यांना तो एक दाब वाटतो आणि त्या त्या बाजूला यायला बघत नाहीत, म्हणजे तुम्ही नकळत खेळात उतरलेले असता. एकदा जागा धरली की तिथेच थांबा, मुलांना पळू देऊ नका, छत्री फटकन उघडू नका. कुंपणाला हात लावायच्या आधी त्यात करंट नाही ना ते विचारा. आणि फाटक जसं होतं तसंच ठेवायचं, उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद, शहाणपणा करून "नीट" लावून येऊ नका.

स्टेप ४: कुत्रा सुटायच्या आधी मेंढ्या बघून घ्या

ही स्टेप सगळे टाळतात. कुत्रा अजून हँडलरच्या पायाशी बसलाय, काहीच सुरू झालेलं नाही, तेव्हाच दोन-तीन मिनिटं मेंढ्यांकडे नीट बघा.

मेंढीचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे तिला मान न वळवता जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त थेट पाठीमागचा एक पट्टा सोडून. प्रत्येक मेंढीभोवती एक न दिसणारं वर्तुळ असतं, त्याच्या आत कुणी आलं की ती पाऊल काढते आणि बाहेर गेलं की थांबते. या वर्तुळाचा आकार ठरलेला नाही. डोंगरावर मोकळ्या वाढलेल्या मेंढ्या कुत्रा लांब दिसला तरी निघतात, रोज डेमोला उभ्या राहणाऱ्या मेंढ्या कुत्रा नाकाशी आला तरी रवंथ करत बघत बसतात. पहिल्यांना हलक्या म्हणतात, दुसऱ्यांना जड. हलक्यांवर कुत्र्याला संयम लागतो, जडांवर हिंमत, आणि एकात हुशार असलेलं कुत्रं दुसऱ्यात गडबडताना हमखास दिसतं.

मग बघा त्यांना कुठे जायचंय. मेंढ्यांना नेहमी कुठेतरी जायचंच असतं, चढाकडे, फाटकाकडे, पलीकडच्या रानात चरणाऱ्या त्यांच्या सोबतिणींकडे. कुत्र्याचा निम्मा वेळ ही ओढ अडवण्यात जातो. ती ओळखलीत तर कुत्रा सरळ मेंढ्यांच्या मागे न राहता सारखा एकाच बाजूला का झुकतोय हा नवख्यांचा नेहमीचा प्रश्न तुम्हाला पडणारच नाही.

घोळक्यात एखादी आगाऊ असतेच. मान वर, कान कुत्र्याकडे, आणि पुढचा पाय जमिनीवर आपटते. पाय आपटला म्हणजे ती सांगतेय की मी हलणार नाही. ती कोणती ते हेरून ठेवा, पुढे पिंजऱ्याच्या दाराशी तिचीच गाठ पडणार आहे.

स्टेप ५: आता काम बघा, क्रमाने

पहिला भाग आउटरन. कुत्रा हँडलरपाशी सुटतो आणि मेंढ्यांकडे सरळ न जाता मोठा वळसा घालून त्यांच्या पलीकडे पोचतो. वळसा पेअरच्या (नासपतीच्या) आकाराचा हवा, सुरुवातीला अरुंद आणि मेंढ्यांजवळ गेल्यावर रुंद, म्हणजे त्याच्या येण्याने त्या बिथरत नाहीत. इथे कुत्र्याकडे बघायची मुभा आहे, पण मधून मधून मेंढ्यांवर नजर टाका: त्या अजून चरतायत? मग वळसा उत्तम. माना वर करून एका बाजूला सरकायला लागल्या? मग कुत्रा जास्तच जवळून गेला. वाटेत कुत्रा हँडलर आणि मेंढ्यांच्या मधून आरपार बाजू बदलून गेला तर ट्रायलमध्ये भरपूर मार्क जातात.

मग लिफ्ट, आणि इथे श्वास रोखून बघा, कारण ही सगळी गोष्ट काही सेकंदांत आटपते आणि दुर्बीण बॅगेतच राहिली तर गेली. कुत्रा पलीकडे पोचलाय, हँडलर, मेंढ्या आणि कुत्रा साधारण एका रेषेत आलेत, कुत्रा थांबतो किंवा मंदावतो. आता त्या वर्तुळाच्या कडेवर त्याचा पंजा पडायचाय. एक पाऊल. मेंढ्यांच्या माना वर येतात, सगळ्या एका दिशेने वळतात. अजून एक पाऊल, आणि पुढची मेंढी निघते, मागच्या तिच्या मागे. भरलेली कळशी हिंदकळू न देता उचलावी तसं हे व्हायला हवं. मेंढ्या चालत निघाल्या तर जाणकार मान डोलावतात, उधळून पळाल्या तर कुत्र्याने पहिल्याच भेटीत त्यांचा विश्वास घालवला आणि पुढचं सगळं आता रेटून न्यावं लागणार. तो मघाचा "वा!" बहुतेक वेळा इथलाच असतो.

तिसरं फेच, मेंढ्या हँडलरकडे आणणं. रेष सरळ हवी, मधे दोन फळ्यांचं फाटक असेल तर त्यातून. मेंढ्या डावीकडे ओढल्या की कुत्रा डावीकडे जातो आणि दाब देऊन त्यांना परत रेषेवर आणतो. चांगला कुत्रा हे मेंढी वळायच्या आधी करतो, तिच्या कानावरून ओळखून, त्यामुळे बघणाऱ्याला काहीच घडलं नाही असं वाटतं, नुसत्या मेंढ्या सरळ चालत आल्या. सुमार कुत्रा मेंढी वीस पावलं भरकटल्यावर धावत जाऊन वळवतो आणि पब्लिक टाळ्या वाजवतं. हा फरक कळायला लागला की तुम्ही नवखे राहिला नाहीत.

ड्राइव्ह दिसायला सोपा पण कुत्र्याच्या स्वभावाविरुद्ध आहे. कळप मालकाकडे आणायचा हे त्याच्या रक्तातच असतं, इथे त्याला उलट मालकापासून लांब न्यायचा असतो, आधी सरळ दूर, मग आडवा, मग परत, असा त्रिकोण. तरण्या कुत्र्याला हे पटत नाही, तो सारखा पुढे जाऊन मेंढ्या मालकाकडे वळवायला बघतो आणि हँडलर ओरडत राहतो.

पुढचा भाग शेड, म्हणजे गोठा नव्हे, यात आखलेल्या वर्तुळात घोळक्यातून काही मेंढ्या वेगळ्या काढायच्या असतात. हँडलर एका बाजूला, कुत्रा दुसऱ्या बाजूला, मेंढ्या मधे लांबट पसरलेल्या, आणि त्यांच्यात जराशी फट पडते न पडते तोच हँडलर बोलावतो आणि कुत्रा त्या फटीतून थेट आत येतो. मेंढ्या फोडणं हे एरवी कुत्र्याला पाप वाटतं, म्हणून आत येताना जो जराही कचरत नाही त्याला सलाम.

शेवटी पेन, म्हणजे फाटक असलेला छोटा पिंजरा. हँडलर फाटकाची दोरी हातात धरतो, काम होईपर्यंत ती सोडायची नाही आणि मेंढ्यांना हात लावायचा नाही. दाराशी मेंढ्या थबकतात. ती पाय आपटणारी आठवतेय ना, ती बरोब्बर तोंडाशी उभी राहून मागे वळून कुत्र्याकडे बघते. कुत्रा जमिनीसरसा. कुणीच हलत नाही. मग कुत्रा एक पंजा उचलतो, टेकवतसुद्धा नाही, हवेतच ठेवतो, ती मेंढी दोन क्षण विचार करते आणि वळून आत जाते, आणि तिच्यामागे बाकीच्या. हीच जर पंजाऐवजी झेप असती तर सगळ्या पिंजऱ्याला वळसा घालून पळाल्या असत्या.

मार्कांचं म्हणाल तर १०० चा एक नेहमीचा हिशेब असा: आउटरन २०, लिफ्ट १०, फेच २०, ड्राइव्ह ३०, शेड १०, पेन १०. मार्क मिळवायचे नसतात, पूर्ण हातात असतात आणि चुकीगणिक कापले जातात, म्हणून अनुभवी हँडलर चमकायला जात नाहीत. सोसायटीच्या इंटरनॅशनल स्पर्धेच्या फायनलला याच्या वरची पायरी असते, कुत्रा आधी १० मेंढ्या आणतो, त्या ठेवून मागे वळून दिसतही नसलेल्या दुसऱ्या १० आणायला जातो आणि मग २० मधून पट्टे बांधलेल्या ५ तेवढ्या वेगळ्या काढायच्या. एकदा तरी बघाच.

स्टेप ६: हुकूम ओळखायला शिका

सगळे शिकायची गरज नाही, चार-पाच पुरतात. "कम बाय" म्हणजे मेंढ्यांभोवती क्लॉकवाइज, "अवे" म्हणजे अँटीक्लॉकवाइज. क ला क, अ ला अ, विसरणार नाही. "लाय डाउन" म्हणजे बस, किंवा नुसतं थांब. "वॉक अप" म्हणजे सरळ मेंढ्यांकडे चाल. "लुक बॅक" म्हणजे मागे अजून मेंढ्या राहिल्यात, त्या आण. "दॅटल डू" म्हणजे काम संपलं, माझ्याकडे ये.

लोक गोंधळतात ते दिशेत. कुत्रा हँडलरच्या पायाशी असताना कम बाय म्हणजे डावीकडे, पण तोच कुत्रा मेंढ्यांच्या पलीकडे पोचल्यावर कम बाय म्हटलं की तो हँडलरच्या उजवीकडे जाताना दिसतो. हुकूम हँडलरच्या हाताप्रमाणे नसतो, मेंढ्या मधे धरून घड्याळाचे काटे फिरतात तसा असतो. हे एकदा डोक्यात बसलं की बसलं.

लांबवर आवाज पोचत नाही म्हणून शिट्टी. तोंडात धरायची चपटी, दुमडलेल्या पत्र्याची छोटी चकती असते, हात मोकळे राहतात. प्रत्येक हुकमाची सुरावट वेगळी, आणि दोन कुत्रे एकाच वेळी मैदानात असले तर दोघांच्या सुरावटीही वेगळ्या. शिट्टीचा अजून एक फायदा असा की माणसाच्या आवाजातली घबराट आणि चीड तिच्यात कमी उतरते. हँडलर शिट्टी सोडून ओरडायला लागला की समजा गाडी घसरतेय.

स्टेप ७: बिघडतंय हे ओळखायच्या खुणा

कुत्र्याची शेपटी बघा. कामात गढलेल्या कॉलीची शेपटी खाली, मागच्या पायांना धरून असते. ती झेंड्यासारखी वर गेली की लक्ष उडालं, आता खेळ किंवा गोंधळ. मेंढ्या तोंड उघडं ठेवून धापा टाकत असतील तर त्यांना फार पळवलंय, हवा गरम असेल तर जबाबदार हँडलर तिथेच थांबतो आणि तुम्हीही "अजून एकदा दाखवा ना" म्हणू नका. कॉली स्वतःहून थांबत नाही, अंगाची भट्टी झाली तरी काम करत राहते. मैदानाच्या कडेला पाण्याचं टब ठेवलेलं असतं ते प्यायला आणि त्यात सपशेल बसायला, दोन्हीसाठी.

चावणं ही मोठी भानगड. ट्रायलमध्ये उगाच मेंढीचा लचका धरला की कुत्रा बाद. अंगावर येणाऱ्या मेंढीच्या नाकावर एक झटका देऊन लगेच मागे होणं वेगळं, ते रोजच्या कामात चालवून घेतात, पण पळणाऱ्या मेंढीच्या मागून जाऊन लोकर ओढणारा कुत्रा बहुतेक वेळा घाबरलेला असतो, शूर नसतो.

स्टेप ८: नंतर काय विचारायचं

काम संपल्यावर कुत्र्याला हात लावायच्या आधी विचारा. बरेच जण अनोळखी माणसाकडे ढुंकून बघत नाहीत, त्यांची नजर अजून मेंढ्यांकडेच असते, राग मानू नका. आणि खाऊ तर देऊच नका, यांच्यासाठी मेंढ्यांवर सोडणं हेच बक्षीस, कुत्रा चुकला तर हँडलर त्याला मेंढ्यांपासून लांब करतो तेवढीच शिक्षा पुरते.

हँडलरला "किती हुशार आहे ना?" असलं काही विचारू नका, त्याला हो म्हणण्यापलीकडे काही सांगता येत नाही. विचारा की आज मेंढ्या कुठे ओढत होत्या, कुत्र्याची जड बाजू कोणती (बहुतेक कुत्र्यांना एक दिशा दुसरीपेक्षा सोपी जाते), हुकूम न ऐकता त्याने स्वतःच्या डोक्याने काय केलं आणि ते बरोबर होतं का. शेवटच्या प्रश्नावर भलेभले घुमे हँडलरही अर्धा तास बोलतात.

ट्रायलला गेलात तर मोठ्या नावाच्या वर्गासाठी दुपारपर्यंत थांबायच्या ऐवजी तरुण कुत्र्यांचा नर्सरी वर्ग असेल तो आधी बघा. अंतर कमी असतं म्हणून सगळं जवळून दिसतं, आणि कुत्री शिकाऊ असल्याने प्रत्येक चूक ठळक असते: वळसा अरुंद पडला, मेंढ्या उधळल्या, ड्राइव्हला कुत्रा पुढे पळाला. इथे चुका ओळखता आल्या की मग मुरलेल्या कुत्र्यांच्या रनमध्ये, जिथे काहीच घडत नाहीये असं वाटतं, काय काय घडू दिलं नाही ते दिसायला लागतं.